कुणाचं नाव राहू नये म्हणून

रामनाथ गावसला किती वाजले असं विचारलं, तर तो आधी मनगटावरचं घड्याळ कुणी दिलं ते सांगतो. देणारा कोण, कुठला, त्याच्या मुलाचं लग्न जमलं का, हे सगळं सांगून झाल्यावर वेळ सांगतो, आणि तोवर ती अर्थातच बदललेली असते. मी थट्टा करतोय असं वाटेल. पण त्याच्याबरोबर एका प्रयोगशाळेत काही वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल की मी कमीच सांगतोय.

ही प्रयोगशाळा उत्तर गोव्यातल्या एका सड्यावर होती. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर गवत आणि वारा, खाली काजूच्या बागा, आणि खिडकीतून मोप्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं. रामनाथ आणि मी, दोघंही तिथं पोस्टडॉक होतो. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेला आणि नोकरी न लागलेला माणूस. सभासमारंभात त्याची ओळख शास्त्रज्ञ म्हणून करून देतात, पण ओळखपत्रावर दुधाच्या पिशवीसारखी मुदत छापलेली असते. प्रकल्प आहे तोवर आपण आहोत. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा नवं शहर, पुन्हा नव्या घरमालकाला आपण नक्की काय करतो ते समजावून सांगणं.

आम्ही काय करत होतो ते समजावणं तर आणखी अवघड होतं. आमचा विषय क्वांटम संगणक. त्यातला क्यूबिट नावाचा जो बारकासा तुकडा गणित करतो, तो विलक्षण लाजरा प्राणी आहे. जरा उष्णता लागली, जरा कुठून लहर आली, की तो सगळं विसरून मोकळा होतो. म्हणून त्याला एका अवाढव्य फ्रिजमध्ये, अवकाशातही सापडणार नाही इतक्या थंडीत ठेवावं लागतं. हा फ्रिज उघडा असताना देवळातल्या लामणदिव्यासारखा दिसतो. छताला टांगलेला, सोनेरी, मजल्यांमजल्यांचा. डिचोलीतल्या माझ्या घरमालकाला मी एकदा त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि यात मासळी किती दिवस टिकते असं विचारलं.

मी गडहिंग्लजकडचा. नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी प्रयोगशाळा दाखवायचं काम रामनाथकडं आलं. बुटका, दाट मिशांचा, खिशात कायम टॉर्च, पायात रबरी चपला, आणि हातात कोरगावच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आणलेल्या गरम उंड्यांची, गोल पावांची, पिशवी. तो रोज सगळ्यांसाठी उंडे आणायचा आणि पोदेराच्या नावानिशी वाटायचा. त्यानं मला फ्रिज दाखवायला हवा होता. त्याऐवजी तो मला भिंतीकडं घेऊन गेला.

"हो पाण्याचो पायप फटून घातलो," तो म्हणाला. "फटू म्हणजे आमच्या कोरगावचो प्लंबर. बरो घातलो. आजून थेंब गळूक नाय."

मग ते टेबल कुणी उचलून आणलं, ही चौकट मोप्याच्या कुठल्या वेल्डरनं जोडली, नायट्रोजनची टाकी बेळगावहून कोण आणतो, असं करत करत तासाभरानं आम्ही फ्रिजपाशी पोचलो. मी चेष्टेनं विचारलं, "आणि ह्या खिडक्या?"

त्याचा चेहरा पडला. "तीं जनेलां आदींच आसलीं रे. विचारूक जाय कोणें बसयलीं तीं."

दुसऱ्या दिवशी तो खरंच विचारून आला होता.

ह्या सवयीपायी एकदा मोठी फजिती झाली. प्रकल्प मंजूर करणाऱ्यांपैकी एक बडे अधिकारी दिल्लीहून आले होते आणि त्यांचं परतीचं विमान जवळ आलं होतं. आमच्या सरांनी रामनाथला दहा वेळा बजावलं, दहा मिनिटं आहेत, थेट फ्रिज दाखव. सर दूर दक्षिणेचे, कमी बोलणारे, आणि वेळेच्या बाबतीत फार हळवे. रामनाथनं मान हलवली आणि पाहुण्यांना घेऊन तो पाइपापाशी थांबला. फटू आवरून तो बेळगावहून नायट्रोजन आणणाऱ्या मल्लाप्पापर्यंत येतो न येतो तोच गाडीचा हॉर्न वाजला. अधिकारी निघताना सरांचा हात हातात घेऊन म्हणाले की तुमच्याकडचं प्लंबिंग फार उत्तम आहे. सर त्या दिवशी जेवले नाहीत.

ह्या सगळ्याचं मूळ पेडणे तालुक्यातल्या कोरगावात, रामनाथच्या गावी होतं. रामनाथच्या घराण्याकडं देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आहे. आमच्याकडं गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार. पेडण्यात तसं नाही. तिथं कुठल्याही कामाआधी देवासमोर उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यांच्या वतीनं जी मागणी मागतात ते गाऱ्हाणं. आधी गावचे सगळे देव, शिवेवरचे राखणदार, वाटेवरचे देवचार, एकेकाचं नाव घ्यायचं, मग मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. रामनाथचे वडील, अप्पा, हे गाऱ्हाणं घालत. त्यातला एकच नियम त्यांनी पोराला लहानपणी शिकवला होता, तो असा की कुणाचंही नाव राहता कामा नये. राहिलं तर काय होतं असं मी अप्पांना एकदा विचारलं. देव कोपतो वगैरे काही ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

"रागावना तो," अप्पा म्हणाले. "पूण तो थंयच उबो रावता मरे. आपलां नांव येतलां म्हणून वाट पळयत."

मला त्या दिवशी रामनाथ थोडा कळला.

तर हा गडी प्रयोगशाळेतही गाऱ्हाणं घालायचा. फ्रिज बंद करून थंड करायला घेणं म्हणजे मोठं काम असतं. एकदा झाकणं लावली, आतली हवा काढली, की मग कित्येक दिवस तो हळूहळू थंड होत जातो, आणि आत काही चुकलेलं असेल तर पुन्हा तितकेच दिवस तो गरम व्हायची वाट बघत बसायचं. शेवटचं झाकण लागलं की रामनाथ चपला काढायचा, हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि सुरू व्हायचा.

"बा देवा म्हाराजा! सातेरी माये, रवळनाथा, सड्यावयल्या देवचारा, शिमेवयल्या राखण्या! आयज ही तुमची लेकरां फ्रिज बंद करतत. फटून पायप घातलो, मल्लाप्पान नायट्रोजन हाडलो, श्रेयान तारो जोडल्यो, पाटीलबाबान प्रोग्राम बरयलो, सरांनी आमच्यार विश्वास दवरलो. ह्या सगळ्यांच्या कश्टाक यश दी. खंय सील गळत आसात, खंय तार सुटल्या आसात, कोणाची वायट नदर लागल्या आसात, ती सड्यापलतडी धाड, आणि ही थंडी टिकय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडायचो. पाटीलबाब म्हणजे मी, आणि श्रेया म्हणजे मांद्र्याची आमची पीएचडीची विद्यार्थिनी. पहिल्यांदा मला हसू आवरलं नाही. दुसऱ्यांदा माझं नाव कधी येतंय याकडं माझे कान लागले होते.

एकदा ऐन गाऱ्हाण्यात तो अडखळला. "फटून पायप घातलो..." इथंच थांबला, डोळे उघडले, आणि अनवाणीच पळत सुटला. फ्रिजचं यंत्र गार ठेवणाऱ्या पाण्याचा वाल्व बंद राहिला होता. तसंच यंत्र चालू केलं असतं तर मोठं नुकसान झालं असतं. परत येऊन त्यानं पुन्हा हात जोडले आणि पहिल्या देवापासून सुरुवात केली. मी नंतर विचारलं, तुझा खरंच यावर विश्वास आहे का? तो उंडा चहात बुडवत म्हणाला, "विश्वासाचां माका ठावक नाय. पूण नांवां घेतलीं की कामां याद येतत."

सरांना सुरुवातीला हा प्रकार अजिबात मानवला नव्हता. ते नास्तिक. त्यांनी एक-दोनदा घसा खाकरून नापसंती दाखवली. पण एकदा रामनाथ रजेवर असताना फ्रिज बंद करायची वेळ आली, तेव्हा झाकण लागल्यावर सर उगाच इकडेतिकडे घुटमळले, मग त्यांनी स्वतःच फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पलीकडून रामनाथचा आवाज आला, मागं कुणाच्या तरी लग्नातला बँड वाजत होता. सर्वांत मोठ्यानं "व्हय म्हाराजा" सर म्हणाले, तेही आपल्या मुलखाच्या हेलात.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या गाऱ्हाण्यात देवांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे असत, पण रामनाथ गावस नसे. शोधनिबंधातही तेच. त्याच्या निबंधाच्या शेवटी आभाराचा जो परिच्छेद असे, तो इतका लांबायचा की एका नियतकालिकाच्या संपादकांनी तो आवरता घ्या असं कळवलं. रामनाथनं दोन दिवस विचार केला आणि आवरता न घेता त्यात त्या संपादकांचेही आभार मानले. आता असा माणूस आपल्या क्षेत्रात पुढं कसा जाणार? आमच्या धंद्यात ज्याला त्याला आपलं नाव पुढं रेटावं लागतं. चार जणांनी केलेलं काम जो खणखणीत आवाजात आपलं म्हणून सांगतो, त्याला कायमची खुर्ची मिळते. मी हे कडवटपणानं म्हणत नाही, मी स्वतःच कंटाळून पुण्यातल्या एका कंपनीत जायचं ठरवलं होतं. पण रामनाथला जाऊन चालणार नव्हतं.

कारण घरी सुप्रिया होती. सुप्रियावहिनी म्हणजे रामनाथची बायको, डिचोलीच्या हायस्कुलात मराठी शिकवते. लग्न झाल्यावर रामनाथ आधी हॉलंडला होता, मग जपानात, आणि ती इथं. शाळा, सासूसासरे आणि काजू सांभाळत तिनं संसार केला तो बहुतेक फोनवरच. सड्यावरचा हा प्रकल्प आला म्हणून तो परत आला आणि दोघं पहिल्यांदा एका घरात सलग राहायला लागले. आता प्रकल्प संपत आला होता. आमच्याच संस्थेत प्राध्यापकाची एक कायमची जागा निघाली. रामनाथचं वय अर्जाच्या मर्यादेला टेकायला आलं होतं. ही जागा मिळाली तर कोरगावातून रोज स्कूटरनं नोकरी, नाहीतर पुन्हा बॅग. वहिनी मला एकदा म्हणाली, "भावजी, ह्या वेळी मी त्याला सोडायला विमानतळावर जाणार नाही. मला ते आता जमणार नाही." विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

पहिली मुलाखत झाली. तिथं काय घडलं ते मला सरांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी दोनदा कपाळाला हात लावला. रामनाथला बोलायला वीस मिनिटं दिली होती. त्यानं पहिल्याच पडद्यावर सगळ्यांचे फोटो लावले, शिडीवर चढलेला फटू मधोमध. लोक आभार शेवटी मानतात, ह्यानं गाऱ्हाण्याच्या रीतीप्रमाणं सगळी नावं आधी घेतली. मल्लाप्पा नायट्रोजन घेऊन घाट कसा उतरतो याचं वर्णन चालू असतानाच वेळ संपली. मग समितीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं की यात तुमचं स्वतःचं काय आहे? आता सांगायला होतं की. क्यूबिट ज्या डबीत बसतो ती डबी रामनाथनं संपूर्ण नव्यानं रचली होती. तिच्यामुळं आमचा लाजरा प्राणी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरत होता, आणि परदेशातल्या प्रयोगशाळा ती रचना मागवून घेत होत्या. ती कल्पना त्याची एकट्याची. रामनाथ म्हणाला, "बॉक्स आमच्या ग्रुपचा आहे." समितीनं त्या वर्षी योग्य उमेदवार मिळाला नाही असा निर्णय दिला आणि जागा पुढच्या वर्षावर गेली. नशीब एवढंच की दुसऱ्या कुणाला दिली नाही. प्रकल्पाला वर्षाची मुदतवाढ मिळाली, म्हणून रामनाथला अजून एक संधी होती, आणि वयामुळं ती शेवटची.

दुसऱ्या मुलाखतीची तयारी वहिनीनं हातात घेतली. कोरगावच्या घरात, पुढच्या सोप्यावर, रविवारी तालीम. तज्ज्ञ समिती म्हणून मला बोलावलं होतं. अप्पा कोपऱ्यातल्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून सुपारी कातरत होते. वहिनीच्या हातात शाळेतली लाकडी पट्टी. रामनाथच्या तोंडून दुसऱ्या कुणाचं नाव आलं की ती पट्टी टेबलावर आपटायची.

"ह्या कामाची सुरुवात फटू..."

खाट्!

"बरं. ह्या कामात मल्लाप्पा..."

खाट्!

"सरांनी तर..."

खाट्! "सरांना पगार मिळतो," वहिनी म्हणाली. "तू सांग. डबी कुणी केली?"

रामनाथ शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. शाळेत गृहपाठ विसरलेल्या मुलाचा चेहरा होता तो. शेवटी पुटपुटला, "केली... म्हणजे, जाली."

"आपोआप झाली?"

अप्पांना राहवलं नाही. "अगो बाय, बाकीचे रावले तर रावले. फटू तरी घे म्हण. शेजारचो मनीस तो."

वहिनीनं पट्टी खाली ठेवली. तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "अप्पा, ही जागा गेली तर हा परत जाईल. मग ह्या सोप्यावर आपण तिघंच. मला नको आहे ते. मला नवरा घरात हवा आहे."

रामनाथच्या आईंनी आतून डोकावून पुन्हा मान आत घेतली. मला वाटलं आपण इथं असायला नको होतं. अप्पांनी अडकित्ता बाजूला ठेवला, तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि लेकाकडं बघितलं.

"रामा, देवाक सगळां ठावक आसता," ते म्हणाले. "कमिटीक सांगूक लागता. सांग तू."

मग मात्र तो सांगायला लागला. मी ही डबी रचली. मी हे मोजलं. मला हे सुचलं. प्रत्येक वाक्याला औषध गिळल्यासारखं तोंड व्हायचं, पण संध्याकाळपर्यंत वीस मिनिटं बिनचूक बसली. वहिनीनं कोकम सरबत दिलं. ते कुणाच्या झाडाच्या सोलांचं होतं हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि पट्टीकडं बघून मिटलं.

मुलाखत झाली त्या दिवशी वहिनी आणि मी संस्थेच्या कँटीनमध्ये थांबलो होतो. रामनाथ आला, समोर बसला, चहा मागवला आणि त्याकडं बघत राहिला.

"कसं झालं?" वहिनीनं विचारलं.

"बरां जालां. खूप बरां जालां. ती बाई हासली सुद्दां."

"मग असा का बसलायस?"

"वीस मिनिटां," तो म्हणाला. "वीस मिनिटांत तोंडातसून एका मनशाचां नांव भायर पडूक नाय. सगळे थंय उबे आसात असां दिसलां माका. फटू, मल्लाप्पा, सगळे. मागल्या भिंतीक."

वहिनीनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं चहाला तोंडही लावलं नाही.

त्यानंतर निकाल लागेपर्यंत रामनाथनं रजा टाकली. आम्हाला वाटलं दमला असेल. चारेक दिवसांनी पाण्याच्या लायनीचं काहीतरी बघायला फटू आला, तेव्हा उलगडा झाला.

"गावसांच्या रामाक बरां नाय काय?" फटूनं मला बाजूला घेऊन विचारलं. परवा फटू मांद्र्याला एका गेस्टहाऊसच्या छपरावर टाकी बसवत होता. खालून रामनाथची हाक आली. फटूला वाटलं पाइप फुटला. तर हा खालून ओरडून सांगतोय, पाइप चांगला आहे, पण मी तुझं नाव घेतलं नाही, मला माफ कर! "खंय घेवक नाय, कित्याक घेवक नाय, कांय समाजलां नाय. छपरार गोरे लोक उन्हात पडलेले, ते सगळे उठून बसले. हांवें म्हटलां, बरां रे बाबा, केलां माफ, तू आदीं घरा वच."

मल्लाप्पाला त्यानं संस्थेच्या गेटावर गाठलं होतं. नायट्रोजनची गाडी थांबवून, हात जोडून. मल्लाप्पा मला म्हणाला, "मी सांगितलं, असू द्या की सर, त्यात काय एवढं. तर ते रडायलाच आले बघा. मग मीच त्यांना चहा पाजला." सरांच्या केबिनमध्येही तो जाऊन आला. सर आत काय बोलले ते कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा ते चष्मा पुसत होते आणि आमच्यावर विनाकारण ओरडले.

मग माझी पाळी आली. पुण्याला जायचं ठरलं होतं, डिचोलीच्या घरात खोकी भरून पडली होती, बायको अश्विनी भांडी कागदात गुंडाळत होती. रामनाथ दारात उभा. आत बोलावलं तर खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. अश्विनीनं पोहे पुढं केले.

"पाटीलबाब," त्यानं सुरुवात केली, "तुझो प्रोग्राम नसतो तर ती डबी नुसती डबी. ही गजाल माका सांगूक जाय आसली. सांगूक नाय."

"अरे, मी इथून चाललोय," मी म्हटलं. "माझं नाव घेऊन माझा काय फायदा होता?"

"फायद्याचां न्हय."

"आणि इतकी घाई कशाला? निकाल लागू दे, मग ये निवांत."

त्यानं मान हलवली. "निकालाउपरांत आयलों तर ती माफी न्हय रे. लागलों तर ते पेढे, आणि नाय लागलों तर रडगाणां. माफी आदींच मागूक जाय."

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, त्यातली बरीच ह्याच क्षेत्रातली. पण असा विचार करणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. मला त्याचं हसूही येत होतं आणि कौतुकही वाटत होतं. केलं माफ, असं मी म्हटलं, आणि मग तो खुर्चीत नीट मागं टेकून बसला आणि पोहे खायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनीचा. रामनाथचा फोन नेहमीप्रमाणं स्कूटरच्या सीटखाली असणार.

"भावजी, तिथं आहे का तो?" तिला धाप लागली होती. "निकाल लागला. झाली निवड त्याची. झाली!"

मी फोन रामनाथच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला आणि नुसता "हूं, हूं" करत राहिला. तिसऱ्या हुंकाराला त्याचे डोळे भरून आले. अश्विनी साखर आणायला आत धावली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या खोक्यावर दणकन बसलो आणि आतली एक बशी फोडली. रामनाथनं फोन माझ्याकडं परत दिला, साखर तोंडात टाकली, डोळे पुसले, आणि एकाएकी त्याच्या चेहऱ्यावर भलतीच काळजी पसरली.

"ही खबर आता सगळ्यांक कळतली?"

"कळणारच. संस्थेनं जाहीर केलीय म्हणजे संध्याकाळच्या आत पेडणेभर होईल."

"अरे देवा." तो उठलाच. "दोगां उरल्यांत आजून. मोप्याचो वेल्डर आणि तेचो भाव. तेंका कळचे आदीं पावूक जाय!"

"रामनाथ, अरे पोहे तरी..."

पण तो जिना उतरत होता. मी फोन कानाशी धरून गॅलरीत आलो. खाली त्यानं स्कूटर काढली, हेल्मेट घातलं, पट्टा तसाच लोंबत ठेवला, आणि स्वतःच्या चांगल्या बातमीच्या आधी पोचायचं म्हणून सुसाट निघाला. निघाला म्हणजे कोपऱ्यापर्यंत. तिथं कुणा म्हाताऱ्यानं हात केला, आणि एवढ्या घाईतही हा थांबला, त्याला मागं बसवलं, त्याची पिशवी पुढं घेतली आणि मग पेडण्याच्या रस्त्याला लागला. मी दोनच दिवसांनी पुण्याला आलो. त्यानंतर आमचं फोनवरच बोलणं होतं, प्रत्यक्षात मी त्याला पाहिलं ते तेव्हाचं शेवटचं.

"भावजी," फोनमधून वहिनीचा आवाज आला. ती लाइनीवर होती हे मी विसरलोच होतो. "द्या ना त्याला. बोलता बोलता कुठं गेला?"

"गेला," मी म्हटलं. "मोप्याला."

"मोप्याला? विमानतळावर?" तिनं एकदम विचारलं. मग मी सगळं सांगितलं. वेल्डर, त्याचा भाऊ, माफी, पेढे. ती हसायला लागली, हसता हसता रडली, आणि नाक ओढून म्हणाली, "असू दे. जाऊन येऊ दे. आता काय, घरीच तर यायचंय त्याला."